सोळा फळ्यांचा मंच

मी एक जुना लाकडी मंच आहे. मंच म्हटलं की एका जागी ठाम उभी असलेली वस्तू तुमच्या डोळ्यांपुढे येत असेल. मित्रांनो, मी तसा नाही. माझ्या सोळा फळ्या आहेत आणि त्या फळ्या पाठीवर घेणाऱ्या आठ लाकडी घोड्या आहेत. सगळं जोडून कड्या अडकवल्या की मी मंच होतो. सोडलं की उरतो नुसता लाकडाचा ढीग. म्हणून जन्मापासून माझ्या जिवाला एकच घोर लागलेला आहे. आज सुटलो, आता पुन्हा कधी जुळणार?

अकोला आणि अमरावती यांच्या मधल्या एका लहान शहरात, १९५४ साली माझा जन्म झाला. तिथल्या नगरपालिकेने त्या वर्षी कला समिती नेमली होती. अध्यक्ष होते खुशालराव, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. गावात दंडार नाचणारे होते, भजनी मंडळं होती, कव्वाल होते, नाटकाचं वेड असलेले कारकून होते. पण त्यांना उभं राहायला जागा नव्हती. कुणी देवळाच्या ओट्यावर, कुणी धुळीत, तर कुणी उभ्या केलेल्या बैलगाडीवर आपली कला दाखवायचा.

"कलावंत आपल्याकडे आहेत," खुशालराव पहिल्याच बैठकीत म्हणाले. "त्यांच्या पायाखाली काहीतरी देऊ."

ठराव झाला की गावातला जो कोणी अर्ज करेल, त्याला समितीकडून मंच, गॅसबत्त्या आणि सतरंज्या मिळतील. मेळघाटातलं सागवान आलं आणि बद्रुद्दीन मिस्त्रींनी मला घडवायला घेतलं. रंधा मारून झाला की ते प्रत्येक फळीवरून अनवाणी चालून पाहत. कुणी हसलं तर म्हणत, "नाचनाऱ्याच्या पायात कुसळ गेलं त शिवी मले भेटन, तुले नाही."

माझ्यावर पहिलं पाऊल पडलं ते मूळच्या हिवरखेडच्या पुंजाजींचं. दंडारीत त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. घुंगरू बांधलेला उजवा पाय त्यांनी माझ्या मधल्या फळीवर जोरात आपटला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "मजबूत हाय बापा!" त्या संध्याकाळी माझ्या अंगातून जी थरथर गेली, तिच्यासाठीच आपण झाड सोडून इथे आलो, असं मला वाटलं.

पुढची तीन वर्षं मी धावतच होतो. आज उरुसात, परवा गणपतीत, नंतर शाळेच्या संमेलनात. मी माणसं पायांवरून ओळखू लागलो. कव्वाल बसून गात, पण टाळीसरशी त्यांचे गुडघे माझ्यावर ताल धरत. नाटकातले कारकून संवाद विसरले की पायाचा अंगठा माझ्यावर घासत उभे राहत. शाळेतली पोरं उगाचच उड्या मारत आणि मला ते फार आवडे.

मात्र कार्यक्रम संपला की माझे तुकडे नगरपालिकेच्या पत्र्याच्या कोठारात जात. तिथे मला क्षणभरही चैन पडत नसे. लांब कुठे ढोलकी वाजली की वाटायचं, ती माझ्यावर का वाजत नाही?

१९५७ च्या मार्च महिन्यात देवमन नावाचा तरुण अर्ज घेऊन आला. तो जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलत असे. आदल्या वर्षी त्याच्या वस्तीतल्या घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि त्यानंतरची पहिली जयंती आता चौदा एप्रिलला येत होती. वस्तीच्या गायन पार्टीला त्या दिवशी मंच हवा होता. पार्टीची मुख्य गायिका होती देवमनची थोरली बहीण, मनकर्णा.

अर्ज अगदी नियमानुसार होता. पण समितीचे एक सदस्य किसनराव, कापसाचे मोठे व्यापारी, कोठाराच्या दाराशी येऊन देवराव कारकुनाला म्हणाले, "एकदा हे लोक मंचावर चढले, तर उद्या बाकीची मंडळं चढतील का? उगाच कटकट नको. मंच मोडला आहे म्हणून कळवून टाका."

"पन साहेब, मंच त चांगला हाय," देवराव चाचरत म्हणाले.

"मी सांगतो तसं लिहा."

देवरावांनी लिहिलं, 'मंच नादुरुस्त आहे. देता येत नाही.' कागद खुशालरावांकडे गेला. त्या दिवसांत ते मुलांच्या चित्रांच्या प्रदर्शनात बुडालेले होते. त्यांनी कागद वाचला आणि सही केली. मला येऊन पाहिलं नाही.

मित्रांनो, स्वतःबद्दलचं खोटं ऐकू येतं पण बोलता येत नाही, तेव्हा जीव कसा तळमळतो ते मी तेव्हा अनुभवलं. माझी एकही फळी हललेली नव्हती, एकही कडी निखळलेली नव्हती. दुपारी पत्रा तापला की माझं लाकूड कडाडायचं. तेवढाच माझा आवाज. तोही कुणी ऐकला नाही.

चौदा एप्रिलची संध्याकाळ झाली. वाऱ्याबरोबर मनकर्णेचं गाणं कोठारापर्यंत आलं. मोकळा, भरदार आवाज होता. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं आणि मध्येच आवाज तुटला. मागोमाग ओरडा ऐकू आला. मग ढोलकी थांबली. काय झालं असेल या विचाराने मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग शिपायांच्या बोलण्यातून कळलं. मंच नाही म्हणून तिला बैलगाडीवर उभं केलं होतं. चाकाखालचा दगड सरकला, गाडी कलंडली आणि मनकर्णेचा घोटा मोडला.

त्या वर्षीही मी इतर मंडळांकडे गेलो. पण पूर्वीचा आनंद राहिला नव्हता. ज्यांना नाही म्हटलं ते माझ्याच नावाने म्हटलं, हे मला विसरता येईना.

पुढच्या वर्षीची जयंती जवळ आली तसा देवमन बद्रुद्दीन मिस्त्रींच्या घरी गेला. नगरपालिकेच्या कागदावर त्याचा पुरता विश्वास बसला होता. मी इतरांकडे उभा दिसलो, तरी टेकू देऊन कसाबसा चालवत असतील असं त्याला वाटलं होतं. तो म्हणाला, "मिस्त्री, मंच मोडला म्हनतात. आमी चौघं जनं लाकूड आनतो, हाताखाली राबतो. तुमी तेवढा दुरुस्त करून द्या. औंदा तरी ताईले गाडीवर उभं कराचं नाही."

मिस्त्रींच्या हातातली करवत थांबली. "मोडला? माह्या हातचा? कोन म्हनते?"

"कागद हाय न मिस्त्री. सही-शिक्क्याचा."

दुसऱ्या दिवशी कला समितीची बैठक होती. मिस्त्री त्याआधीच आले. देवरावांकडून त्यांनी कोठाराची किल्ली मागून घेतली आणि देवरावांनी ती मान खाली घालून दिली. देवमन आणि त्याच्या सोबत्यांना घेऊन मिस्त्रींनी मला नगरपालिकेच्या आवारात उभं केलं. एकेका फळीवर हातोडीने ठोकून पाहिलं. मग सदस्य बाहेर आल्यावर ते माझ्याजवळ उभे राहिले.

"साहेब, कोनती फळी मोडली थे दाखवा. मी आत्ता बदलून देतो. मजुरी नाही घेनार."

किसनरावांचा चेहरा उतरला. "मिस्त्री, समितीच्या कारभारात तुम्ही पडू नका."

"कारभार तुमचा असन. मंच माहा हाय," मिस्त्री म्हणाले. "माह्या कामाले खोटं पाडलं तुमी. चढा अन् दाखवा."

कुणी हलेना. एवढ्या वर्षांत एखादी खुंटी खरंच सैल झाली असली तर? त्या क्षणी मला माझीच खात्री वाटेना.

शेवटी खुशालरावांनी वहाणा काढल्या आणि ते वर चढले. पहिल्या फळीपासून सोळाव्या फळीपर्यंत ते सावकाश चालत गेले. परत आले. मधोमध उभं राहून त्यांनी सगळा भार टाकला. मी कुरकुरलोसुद्धा नाही.

"देवराव, मागच्या वर्षीचा कागद आणा," ते म्हणाले.

कागद आला. त्यांनी तो वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ही सही माझी आहे. मंच न पाहता केली."

"मास्तर, त्यांना दिला तर बाकीचे अर्जच करणार नाहीत," किसनराव पुटपुटले.

"नाही केले तर नाही. ठरावात गावातला जो अर्ज करेल तो, असं आपण लिहिलं आहे. त्यातून मला कुणाचं नाव खोडायचं नाही."

आवाराच्या फाटकाशी मनकर्णा काठीच्या आधाराने उभी होती. ती पुढे आली. "मले एक सांगा मास्तर," तिने विचारलं, "मोडला नव्हता, त मंग काहून नाही देल्ला?"

खुशालरावांनी हात जोडले. "चूक झाली, बाई."

"चूक तुमची, अन् पाय माहा," ती म्हणाली आणि त्याहून अधिक एक शब्दही न बोलता घरी निघून गेली.

ती आता येणारच नाही, या भीतीने मी चौदा एप्रिलपर्यंत झुरत होतो. पण ती आली. काठी खाली ठेवून, देवमनचा खांदा धरून वर चढली. एक पाऊल जड, एक हलकं. तसं पाऊल माझ्यावर त्याआधी कधीच पडलं नव्हतं. ती गायली तेव्हा समोरची गर्दी रस्त्यापर्यंत गेली होती. खुशालराव सतरंजीवर, सगळ्यांबरोबर बसले होते. किसनराव आले नाहीत.

त्यानंतर दोन भजनी मंडळांनी आपले अर्ज मागे घेतले. मिस्त्रींना नगरपालिकेकडून वर्षभर एकही काम मिळालं नाही. हे तुमच्यापासून लपवत नाही. पण पोळ्याच्या आधी पुंजाजी आले आणि कुणीतरी त्यांना अडवू लागलं, तेव्हा ते म्हणाले, "मले नाचाले मंच पायजे. कोन उतरला, कोन चढला, थे मी कायले पाहू?" आणि घुंगरू बांधून चढले. मग हळूहळू बाकीचेही आले. एका मंडळाला मात्र चार वर्षं लागली.

१९६२ मध्ये खुशालराव वारले. तीन वर्षांनी गावात सिमेंटचं सभागृह झालं. समिती तिकडे गेली आणि मी कोठारातच राहिलो. माझ्यावर चुन्याची पोती आली. मग उर्दू मुलींच्या शाळेतल्या जहाँआरा बाईंनी अर्ज केला. त्यांचं अंगण लहान होतं, म्हणून त्या आठ फळ्या आणि चार घोड्या घेऊन गेल्या.

तेव्हापासून, मित्रांनो, मी दोन ठिकाणी राहतो. माझ्या एका अर्ध्यावर मुली कविता म्हणतात, भांडतात, शेंगा खातात. दुसरा अर्धा पोत्यांखाली अंधारात पडून आहे आणि त्याला सांधे आखडू लागल्यासारखं वाटतं. वाळवी लागायच्या आत कुणीतरी यावं, असं मला फार वाटतं.

वस्तूला नुसतं जपून ठेवलं म्हणजे तिची काळजी घेतली, असं होत नाही. तिच्याबद्दल कागदावर काय लिहिलं आहे ते वाचून थांबू नका, हात लावून पाहा. तुमच्या गल्लीत आजही कुणीतरी गाणं बसवत असेल, कुणी नाच शिकत असेल आणि कुठे उभं राहावं हे त्याला कळत नसेल. त्याला माझा पत्ता सांगा.