पिशवीतला दोर

बुडणाऱ्याकडे फेकायची दोराची पिशवी बंद असली तरी आत दोर कसा भरलाय हे हाताला कळतं. बरोबर भरलेली पिशवी दाबली की कुठे मऊ, कुठे टणक लागते, जुन्या उशीसारखी. कारण आत दोर मूठ-मूठभर कोंबलेला असतो, जसा येईल तसा. ही पिशवी मात्र सगळीकडून सारखीच टणक होती. तिने नाडी सैल करून आत पाहिलं. दोर गोल गोल, वेटोळ्यावर वेटोळं, शिवणाच्या रिळासारखा देखणा बसवला होता.

देखणा आणि निरुपयोगी. वेटोळी घातलेला दोर फेकताना स्वतःतच अडकतो. कोंबलेला सरळ सुटत जातो. किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. आणि ही पिशवी ज्याने भरली होती, त्यानेच निम्म्या पथकाला ते शिकवलं होतं.

तो तिचा धाकटा दीर. पोटापाण्यासाठी वायरमन होता, म्हणून पथकातही सगळे त्याला वायरमनच म्हणत. ती स्वतः पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी या पथकाची प्रमुख असायची. इथे पगार कुणालाच नव्हता.

तिने दोर जमिनीवर ओतला आणि मूठ-मूठ करून पिशवीत परत कोंबायला लागली. कित्येक रविवार हेच चाललं होतं. सगळ्यांच्या आधी यायचं, त्याची पिशवी उपसायची, पुन्हा भरायची आणि काहीच झालं नाही अशी खुंटीला लावायची.

उन्हाळा संपता संपता एक माणूस खडकांपलीकडे समुद्राच्या ओढीत सापडला होता. वायरमनने दोर फेकला. वारा समोरून होता. दोर त्या माणसाच्या हातापासून थोडक्यात अलीकडे पडला, आणि तो पुन्हा फेकेपर्यंत माणूस दिसेनासा झाला. त्याला बाहेर काढल्यावर अँब्युलन्स येईपर्यंत वायरमन त्याची छाती दाबत राहिला. शेजारी त्या माणसाची बायको त्याच्या चपला हातात धरून उभी होती. अँब्युलन्स आली, पण उशीर झाला होता.

मग पथकाच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी सामान गोड्या पाण्याने धुतलं, वाळत घातलं आणि आपापल्या घरी गेले. धुतलं की संपलं, असा सुतारकाकांचा नियम होता. हे पथक त्यांनीच उभं केलं होतं.

तेव्हापासून वायरमन दोर नीट लावू लागला. दोर गबाळा होता म्हणून पोचला नाही, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. ते चूक आहे हे सांगायला तिला एक वाक्य पुरलं असतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य बोलावं लागलं असतं: काही दिवस तू दोर धरू नकोस. ते तिच्या तोंडून निघत नव्हतं.

"वहिनी, हे काय चाललंय?"

पथकाच्या खोलीच्या दारात वायरमन होता. मागे खांद्यावर टॉवेल टाकून सुतारकाका. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. अर्धा दोर तिच्या मांडीवर होता.

"तुझी पिशवी भरतेय."

"मी भरली होती ती."

"माहीत आहे."

"म्हणजे दर वेळी तू...?" त्याला उत्तराची गरज पडली नाही. "वा! म्हणजे मी शाळेतलं पोर, आणि तू मागून माझा गृहपाठ सुधारणार!"

"अरे, घरचं भांडण घरी," काका म्हणाले.

"काका, तुम्ही पाण्यात उतरा. बुडणारे तुम्ही. मी माझ्या पद्धतीने भरून फेकतो. बघूच."

"सकाळी सकाळी मला बुडवतोस? अजून दाढीसुद्धा केली नाही मी." पण ते उतरले.

धक्क्यावर वारा पडलेला होता. वायरमन वेटोळी घालत होता, प्रत्येक वेटोळं बोटाने सारखं करत. तिने त्याला थांबवलं नाही. प्रयोग त्याचा होता, निकालही त्यानेच पाहायला हवा होता.

पिशवी हातातून सुटली. निम्म्या वाटेत आत काहीतरी हिसकलं आणि सगळा गुंता पिशवीसकट पाण्यात आदळला, काकांपासून कितीतरी अलीकडे.

"अरे, मी इकडे बुडतोय!" काका ओरडले. "तिकडे कोण आहे, तुझा सासरा?"

एरवी वायरमन खो खो हसला असता. आता तो दोराचं टोक मुठीत घट्ट धरून नुसता उभा राहिला.

"त्या दिवशी बरोबर कोंबला होता, वहिनी. तरी नाही पोचला."

"हो. वारा होता."

"आज वारा नाही. मन लावून बसवला. तरी नाही पोचला. मग मी करायचं काय?"

काका निथळत वर आले. "धुवायचं आणि विसरायचं. लगेच पुढच्या पाळीला उभं राहायचं. मी आजवर तेच केलं."

"आणि तुम्ही विसरलात?" तिने विचारलं.

काकांनी टॉवेल ओढून कान पुसले. "त्या चपला," ते म्हणाले. "आमच्या दाराबाहेर कुणी चपला काढल्या की मी उचलून आत आणतो. तशा नुसत्या पडलेल्या बघवत नाहीत. बायको म्हणते, म्हाताऱ्याला चळ लागला."

वायरमन हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

"आता मला काढशील ना पथकातून?" तो म्हणाला. "काढू नकोस, वहिनी. हे गेलं तर मी नुसता वायरमन उरेन."

याच वाक्याला ती इतके दिवस भीत होती. ते ऐकून झालं होतं आणि ती अजून उभी होती. ती पाण्यातल्या गुंत्याकडे पाहत राहिली. एखाद्या रविवारी ती आजारी पडली असती, तर पिशवी तशीच खुंटीला राहिली असती, आणि पाण्यात तेव्हा काका नसते. दर आठवड्याला गुपचूप दोर कोंबून ती त्याला सांभाळत नव्हती, एकटं पाडत होती. त्याला, आणि स्वतःलाही.

तिने फोन काढला. आधी शेजारच्या किनाऱ्यावरच्या पथकाला सांगितलं, "आज आमच्या बाजूलाही तुमचीच माणसं उभी करा. हो, दिवसभर." मग दुसरा नंबर शोधला. वायरमनने वाकून पाहिलं.

"प्लंबर? घरचा नळ गळतोय का?"

"नळ नाही." ती घटना झाल्यावर मनाच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. कधीही फोन करा, सगळ्या पथकाबरोबर बसू, असं सांगून गेल्या होत्या. नंबर कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तिने त्यांना प्लंबर करून ठेवलं होतं. अंगठा अनेकदा तिथवर जाऊन परत आला होता.

आता तो परत आला नाही. पलीकडून फोन उचलला गेला. तिने दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी किनारा पथकाची प्रमुख बोलतेय. आम्ही आज येतोय. माझा दीर पथकात राहणार आहे, पण तुम्ही म्हणेपर्यंत दोर धरणार नाही. मीही पहाऱ्यावर उभी राहणार नाही. आणि तिथे सगळ्यांच्या आधी मी बोलणार."