हमूदमामांची पाणीपाळी

हमूदमामांनी दवाखान्यासाठी जमीन दिली ती पाय आपटून दाखवत. खजुरीच्या बागेपलीकडची, वाळवंटाला लागून असलेली, दगडासारखी टणक. मोझामामी शहरातल्या इस्पितळाच्या वाटेवर गाडीतच गेल्या, तेव्हापासून मामांना गावात दवाखाना हवा होता. बांधकामाआधी जमीन तपासायला नेमकी त्यांची भाची झुवैनाच आली. मामांना वाटलं, चला, घरचंच काम.

भरलेल्या ट्रकखाली जॅक लावून झुवैनाने एक लोखंडी तबकडी जमिनीवर दाबली. जमीन ढिम्म हलली नाही. मामांनी कॉफी ओतली आणि उद्घाटनाला कोणाकोणाला बोलवायचं ते सांगायला घेतलं. तेवढ्यात तिने त्याच जागी पाणी ओतायला सांगितलं.

"वाळवंटात पाणी ओततेस?" मामा वैतागले. "इथे शेवटचा पाऊस कधी पडला ते मलाही आठवत नाही."

"पावसाचं नाही हो, मामा. दवाखान्यात नळ असतील, संडास असतील. एखादा पाइप कधीतरी गळणारच."

पाणी मुरलं आणि तबकडी कलंडत खाली गेली. वाऱ्याने आणून टाकलेली माती ती, कोरडी असेपर्यंतच काय तो तिचा ताठा. मामांचा चेहरा उतरला. मग ते नको नको ते बोलले, शहरात शिकलीस आणि घरावरच उलटलीस, इथपर्यंत. झुवैनाला फार लागलं. तरीही तिने शांतपणे सांगितलं, की जमीन आधी भरपूर भिजवून खचू द्यायची, मग रोलर फिरवायचा आणि पुन्हा तपासायची. एवढं पाणी कुठून आणायचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मामा कॉफी तशीच टाकून उठून गेले.

गावात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटाने येतं आणि प्रत्येकाला पाळीनेच मिळतं. पाळी सोडायची म्हणजे स्वतःची बाग तहानलेली ठेवायची. मामांनी त्या हिवाळ्यातली आपली पाळी बागेवरून काढून थेट त्या जमिनीकडे वळवली. गावाने यथेच्छ थट्टा केली. म्हातारा वाळू पिकवतोय, यंदा कशाचं पीक काढणार, असं येता-जाता विचारत.

काही दिवसांनी झुवैनाचा फोन वाजला. मामी गेल्यापासून मामांचा इतका खुशीतला आवाज तिने ऐकला नव्हता.

"खचली गं पोरी, चांगली वीतभर खचली. अजून पाणी सोडलंय मी. काय बसायचं ते आत्ताच बसून घेऊ दे तिला. उद्या तिच्यावर कुणाची तरी मोझा निजलेली असेल."