तंबोऱ्यावरची पाकळी

पाकळी पडली आणि देवळाच्या मंडपात दाटीवाटीनं बसलेल्या गावानं एकदम हात जोडले. बायका पदरानं डोळे टिपू लागल्या. रामचंद्र शानभोगांच्या घरात तर लगीनच निघाल्यासारखं झालं, कारण पाकळी पडली होती ती त्यांच्या गोपाळसाठी. हा पोरगा मोठा गवई होणार, असा साक्षात शारदामातेनं कौल दिला होता.

ह्या गोपाळला मी, म्हणजे त्या गावचा शाळामास्तर पुंडलिक, वर्षभर 'सा' शिकवत होतो. कानाशी पेटी धरली की एवढा एक सूर तो कसाबसा लावायचा. त्यापुढं सगळा आनंद. त्याचं गाणं आणि शाळेमागच्या म्हशीचं हंबरणं ह्यांत म्हशीचं बरं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

हे एकोणीसशे चोवीसच्या आसपासचं. गाव जोयड्याच्या बाजूला, ऐन रानात. उळवीची जत्रा उरकून परतणारी माणसं आमच्याकडं मुक्काम करायची. त्यांच्यातच हे स्वरानंद स्वामी आले, बैलगाडीतून, रेशमी खोळीत गुंडाळलेली 'शारदेची वीणा' घेऊन. वीणा कसली आलीय, साधा तंबोरा होता. भोपळ्याला बेगड चिकटवली होती, एवढीच काय ती शारदा.

आमच्या भागात देवाला कौल लावतात. मूर्तीवर पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं विचारायचं आणि कुठली पाकळी पडते ते बघत बसायचं. सोयरीक, पेरणी, हरवलेली गाय, सगळ्याचा निकाल पाकळीवर. स्वामींनी हे आल्या आल्या हेरलं. तंबोरा देवीपुढं आडवा ठेवला, सगळ्या तारा एकाच सुरात लावल्या आणि तारेवर शेवंतीची एक सुकी पाकळी अलगद ठेवून दिली. स्वामी पेटीवर सूर देणार, पोरानं जवळ बसून त्या सुरात 'आ' लावायचा. पाकळी पडली तर गळा देवीचा. नाही पडली तर संपलं.

"गळा मी तपासत नाही, बाळा," स्वामी डोळे अर्धे मिटून म्हणायचे. "आई तपासते. नाद म्हणजे ब्रह्म, ब्रह्म म्हणजे आई, आई म्हणजे ही तार. तार म्हणजे कोण? जी तारते ती तार." लोक माना डोलवायचे. मुक्काम शानभोगांकडं होता आणि तूप-भातही तिथलाच, तेव्हा आई गोपाळला तारणार ह्यात मला तरी नवल वाटलं नाही. ती पाकळी पाडते कशी, एवढंच कळत नव्हतं.

गोपाळनंतर बाळी पुढं आली. लखू कुणब्याची लेक, बारा-तेरा वर्षांची. भात पिकायला आलं की हिच्या बापाच्या शेतात माळा बांधत आणि ही त्यावर बसून रानडुकरं हाकलायला कुकारा घालायची. तो कुकारा मी शाळेतून ऐकला आणि हातातला खडू खाली ठेवला. अगदी तळाच्या सुरातून निघायचा, मधल्या सुरासुराला घासत वर चढायचा आणि वर जाऊन असा थांबायचा की हलायचा नाही. मी लखूच्या मागं लागलो आणि दसऱ्यापासून तिला शिकवायला घेतलं. कुणब्याची पोरगी गाणं शिकते म्हणून गाव आधीच कुजबुजत होतं. म्हणूनच लखूनं तिला कौलाला आणलं होतं, डोक्यावर कोनफळांची टोपली घेऊन. टोपली बघून स्वामींनी नाक मुरडलं, ते मी पाहिलं.

स्वामींनी पेटीवर सूर दिला, पेटी मिटली, पाकळी ठेवली. बाळीनं तो सूर असा लावला की माझ्या अंगावर काटा आला. पाकळी मात्र जागची हलली नाही.

"ह्या गळ्यात मुकी हडळ बसलीय," स्वामी म्हणाले. "ही गायली तर गावच्या शेतात लोंब्या फोल निघतील. दाणा म्हणून दिसायचा नाही." आणि त्यांनी तिच्या गळ्यात काळा दोरा बांधला. स्वामी तो सोडीपर्यंत गाणं बंद, अशी आज्ञा झाली. लखूनं त्यांचे पाय धरले. सगळा मंडप बाळीकडं असा बघत होता, की जणू तिनं आत्ताच कुणाच्या खळ्याला आग लावलीय.

रात्रीच लखू माझ्या दारात आला. "मास्तर, आता पोरीला धाडणार न्हाई. माझं एकट्याचं शेत असतं तर बघितलं असतं. गावाचं हाय."

"अरे, भात पावसानं पिकतं का हिच्या गाण्यानं?"

"तुमचं बराबर असंल. पर मला गावात ऱ्हायाचं हाय," म्हणाला आणि गेला. मी संतापानं जेवलोच नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी बाळी कुंपणाशी उभी. गळ्यात तो दोरा.

"मास्तर, सामीनं मला दुसराच सूर दिला."

"म्हणजे?"

"गोपाळला दिला त्यो खाली हुता. मला दिला त्यो इवलासा वर. मी बराबर लावला, पर त्यो त्या तारंचा न्हवताच."

हे माझ्याही कानातून सुटलं होतं. मी तिला तडक आत नेलं, माझा तंबोरा टेबलावर आडवा केला, सगळ्या तारा एका सुरात लावल्या आणि वर पाकळी ठेवली. तारेचाच सूर जोरात लावला. तार आपोआप थरथरली आणि पाकळी खाली. मग सूर जरासा चढा लावला. घसा फुटेस्तोवर ओरडलो, पाकळी ढिम्म.

ह्यात देवी कुठून येणार? झोपाळ्याला त्याच्या लयीत एका बोटानं ढकलत राहा, तो चढतो. लय चुकवून ढकला, दमाल तुम्ही, झोपाळा जागीच. तारेचंही तसंच. तिचा स्वतःचा सूर कानावर पडला की ती हलते, दुसऱ्या सुराला हलत नाही. ज्याला तारायचं त्याला पेटीवर तारेचा सूर द्यायचा आणि ज्याला बुडवायचं त्याला शेजारची काळी पट्टी दाबून द्यायची. बाळीला हसू आलं नाही, राग आला. तो राग बघून मला बरं वाटलं.

"संध्याकाळी मंडपात येशील?" मी विचारलं. "तुझा अप्पा रागावेल."

"अप्पाला भ्या वाटतंय. मला न्हाई वाटत," ती म्हणाली.

संध्याकाळी मंडप पुन्हा भरलेला. पाकळी तारेवर बसलेली. बाळी सरळ आत शिरली आणि मधल्या खांबाशी उभी राहिली. लखू धडपडत उठला. "बाळे, घरला चल."

"गाणं बंद आहे तुझं," स्वामी कडाडले.

"गाणं कोण म्हनतंय? मी कुकारा घालणार हाय," बाळी म्हणाली. "डुक्कर हाकलायचंय."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि तेवढ्यात बाळीनं कुकारा घातला. खालून, सावकाश, एकही सूर न गाळता. सूर चढत चढत एका जागी आला, तंबोरा हुंकारला आणि पाकळी टपकन खाली पडली.

"भूतचेष्टा!" स्वामी ओरडले. "मुकीनं आईला छळलं."

"मग मुकीला पुन्हा विचारू," म्हणत मी पुढं झालो आणि पाकळी पुन्हा तारेवर ठेवली. "बाळे, काल तुला दिलेला सूर लाव." तिनं लावला. स्वच्छ, भरदार. पाकळी हलली नाही. "आता गोपाळला दिलेला." ती जराशीच खाली उतरली. पाकळी पडली. मी तिसऱ्यांदा ठेवली, तिसऱ्यांदा पडली. मग मी पेटी उघडून दोन्ही पट्ट्या दाबून दाखवल्या. कुठली गोपाळची, कुठली बाळीची, ते दारातल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू आलं.

शानभोग उठले. "मास्तर, तुमची ही शिकवलेली पोर. तिला सुराचं ज्ञान आहे, म्हणून..."

"म्हणून काय? ज्ञानानं पडते की देवीनं, एक काहीतरी ठरवा," मी म्हणालो. "आणि शिकलेली नको असेल तर न शिकलेला कुणीही या."

कुणी उठेना. देवीची भीती अशी एका संध्याकाळी जात नाही. मी पाकळी परत तारेवर ठेवली. मग गर्दीतून लखू पुढं आला. तंबाखूनं घोगरा झालेला गळा, जन्मात कधी ओवीसुद्धा न म्हटलेला. पण कुकारा त्यानंच लेकीला शिकवला होता. त्यानं डोळे मिटले आणि घातला. फाटका, खरखरीत, पण तसाच तळापासून वर जाणारा.

पाकळी पडली.

लखूनं ती उचलून तळहातावर धरली. "मला बी कौल दिला व्हय गं आई," तो म्हणाला, "माझ्यासारख्या रेड्याला?" मग वळला, कमरेची कोयती काढली आणि लेकीच्या गळ्यातला काळा दोरा जपून कापला. तो दोरा त्यानं स्वामींपुढं ठेवला. "तुमचा तुमी घ्या. उद्यापास्नं माझी पोर मास्तरांकडं जाणार, आन् लोंब्या फोल निघाल्या तर मला येऊन इचारा."

स्वामींची गाडी उजाडायच्या आत गेली. त्या वर्षी भात कसं झालं म्हणून विचाराल, तर जसा पाऊस झाला तसं झालं. बाळी सकाळ-संध्याकाळ रियाज करत होती, त्याचा भाताशी काही संबंध नव्हता.

माझं सांगणं एवढंच आहे. कुणी तुमच्या पोरीला म्हणालं की हिच्या नशिबात विद्या नाही, देवानं नको म्हटलंय, तर पाया पडायच्या आधी विचारा, पाकळी पाडली कशी ते पुन्हा दाखव. आमच्या समोर, आमच्या हातानं. खरं असेल तर तो दहादा दाखवील. तार सुराला हलते, जात, घर, तूप-भात बघून हलत नाही. बघणारा कुणी असेल तर तो मागं बसलेला माणूस आहे, आणि माणसाला जाब विचारता येतो.