निवांत रेडिओची शेवटची पावती

नानांनी वर्गणी भरली आणि त्यांचा आवाज घरातून गेला. हे घडलेलंच नाही असं आपण तूर्त धरून चालू. मृणालही बरेच दिवस तसंच धरून चालली होती.

तर, नाना अजून बोलत होते, आणि त्यांची मुलगी मृणाल शेणोलीकर तासगाव रस्त्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या माडीवरून ‘निवांत’ नावाचा इंटरनेट रेडिओ चालवत होती. सकाळी सात ते दहा ती एकटी बोलायची. मेथी काय भावानं गेली, कुणाची म्हैस सुटली, कालची आमटी आंबट का झाली, काहीही. खाली गिरणी सुरू झाली की माइकवर पीठ बसायचं. ती ते फुंकायची, आणि श्रोत्यांना तो वेगळा कार्यक्रम वाटायचा. काहींना तोच जास्त आवडायचा.

नाना घरी खुर्चीत बसून मोबाइलवर हे सगळं ऐकत. ती परत आली की मोबाइल बंद करून म्हणत, “मिनू, चहा.” ती म्हणे, “हं.” दोघांचं दिवसभराचं बोलणं तेवढंच. दिवसाचं सगळं बोलून आलेलं माणूस घरी आणखी काय बोलणार?

ऐकणारे पुष्कळ होते आणि सगळे फुकटे होते. तेव्हा इरफान मुजावरनं, म्हणजे यंत्रं सांभाळणाऱ्या तिच्या भागीदारानं, वर्गणीची टूम काढली.

“मोबाइलवरून भरू देत की लोकांना,” मृणाल म्हणाली.

“त्यानं भरल्यासारखं वाटत नाही गं. हातात पावती पडल्याशिवाय आपला माणूस खिशात हात घालत नाही.”

नाना चौतीस वर्षं गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. पुढं वाचनालय बंद पडलं, त्या जागी मोबाइलचं दुकान आलं आणि उरलेलं एक पावतीपुस्तक नानांच्या कपाटात आलं. तेच मृणालनं घेतलं. त्यात वर्गणीदाराच्या नावाखाली एक रकाना छापलेला होता : ‘कै. ………… यांच्या स्मरणार्थ’. पुस्तकं, पंखे, भिंतीवरचं घड्याळ, वाचनालयाला जे मिळे ते कुणाच्या तरी स्मरणार्थच मिळे. छापील रकाना रिकामा ठेवायचा नसतो, हे नानांनी लेकीला अक्षरओळखीबरोबरच शिकवलं होतं. म्हणून तिथं तिनं वर्गणीदाराचंच नाव पुन्हा लिहिलं.

पहिली पावती तारळेकर वकिलांची. ती घडी घालून खिशात ठेवताना ते काहीतरी म्हणाले. ओठ हलले, पण आवाज खिशातल्या मोबाइलमधून आला, निवांत रेडिओवर, थेट. मृणालला तो नुसता गिरणीच्या घरघरीसारखा ऐकू आला. ती मालकीण असली तरी वर्गणीदार नव्हती, आणि वर्गणी न भरलेल्यांना त्या दिवसापासून निवांतवर घरघरच ऐकू येऊ लागली. न्यायाधीशांनीही भरली नव्हती. कोर्टात त्यांनी अर्धा तास गिरणी ऐकून घेतली आणि निकाल वकिलांच्या बाजूनं दिला.

चार दिवसांनी तारळेकर काकू माडीवर आल्या.

“हे घरात नुसते ओठ हलवतात,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आमटीत मीठ जास्त पडलं का कमी, आता कळंना झालंय.”

“तुम्हीही वर्गणी भरा काकू. मग येतील ऐकू.”

“आणि माझा आवाज?”

“तो त्यांना येईल ऐकू. रेडिओवर.”

काकूंनी विचार केला. “म्हणजे मी बोलायला लागले की त्यांना बंद करता येईल?”

“येईल.”

“तसं ते आत्ताही करतातच,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी वर्गणी भरली.

असं ते वाढत गेलं. नवऱ्याला ऐकायला बायको, बायकोला ऐकायला सासू, आणि सासू काय म्हणतेय ते कळायला शेजारीण. प्रत्येक पावतीला माडीवरच्या, आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवर एक नवी खुंटी उगवे. खुंटीखाली वर्गणीदाराचं नाव असे आणि वर एक काटा. ते माणूस बोललं की काटा हले. मिक्सर आधी खोलीभर झाला, मग दारातून बाहेर पडला, जिना उतरला आणि रस्त्याच्या कडेनं एसटी स्टँडच्या दिशेनं निघाला. टोकाच्या खुंट्या सांभाळायला इरफाननं सायकल घेतली. गावात इतकी शांतता झाली की सायकलची साखळी वाजलेली माडीवर कळायची.

एके दिवशी नाना म्हणाले, “मलाही पावती फाड.”

“तुम्हाला कशाला? घरचेच ना तुम्ही.”

“चौतीस वर्षं मी माझ्याच वाचनालयाची वर्गणी भरत होतो. घरचं म्हणून फुकट वाचलं नाही कधी.”

“नाना, आवाज जाईल तुमचा.”

“जाऊ दे की. असा काय पल्लेदार होता? तीन आठवडे रोज सकाळी सातला मी गिरणी ऐकतोय, मिनू.”

“मी आहे की घरात.”

“असतेस ना,” नाना म्हणाले. “हं म्हणतेस.”

यावर ती ‘हं’ म्हणणार होती, पण थांबली. तिनं पावतीपुस्तक तांदळाच्या डब्यात तळाशी लपवलं.

पण चौतीस वर्षं लोकांनी चुकीच्या कप्प्यात खुपसलेली पुस्तकं शोधून काढलेला माणूस तो. दुसऱ्या दिवशी ती माडीवरून आली तेव्हा टेबलावर पैसे होते, शेजारी पावती होती आणि पावतीवर चार तांदूळ होते. नानांचं गोल, टपोरं अक्षर. एकही रकाना रिकामा नव्हता. पुस्तकातली ती शेवटची पावती होती.

नाना खुर्चीतून तिच्याकडं बघून हसले. ओठ दोनदा हलले. तिनं चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती माइकसमोर बसली. मेथीचा भाव तिनं सांगितला नाही.

“नाना,” ती म्हणाली, “ऐकू येतंय?”

मिक्सरच्या टोकाशी, स्टँडच्याही पुढं, इरफान सायकल लावून उभा होता. त्याचा फोन आला.

“काटा हलला.”

“काय म्हणाले?”

“मला काय माहीत? मी कुठं वर्गणी भरलीय? पण लांबलचक बोलतायत. काटा अजून खाली आलेला नाही.”

“अजून?”

“अजून. आता ऐकणारे हसले बहुतेक. चार-पाच काटे एकदम हलले.”

काटा दहा वाजेपर्यंत हलत होता. घरात सहसा दोन शब्दांवर न जाणारे नाना तीन तास बोलले, आणि ती घरघर ऐकत बसली. मग ती पळतच स्टेशनरीच्या दुकानात गेली. नवं पावतीपुस्तक आणलं, तो रकाना हातानं आखला, स्वतःचं नाव दोनदा लिहिलं. काही झालं नाही. “हॅलो,” ती म्हणाली, आणि आवाज तिच्याच तोंडातून आला. छापखान्यातून हुबेहूब तसं पुस्तक छापून आणलं, तेही नुसता कागदच निघालं.

आता रोज सकाळी ती नानांना काहीतरी विचारते आणि काटा उत्तर देतो. गावातले लोक रस्त्यात तिला थांबवतात, डोळे पुसतात, तिचा हात हातात घेतात. त्यांच्या खिशातून गिरणी ऐकू येते.

सोमवारी ती वाचनालयाच्या जागी असलेल्या मोबाइलच्या दुकानात गेली. मालकानं तिचा अर्ज दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि काउंटरवरच्या काचेखाली, रिचार्जच्या जाहिरातींशेजारी, नीट सरळ करून ठेवला. अजून तिथंच आहे.

प्रति,
मा. अध्यक्ष, सार्वजनिक वाचनालय.

विषय : एक कोरी पावती मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, अर्जदाराचे वडील हयात असून दररोज सकाळी सात ते दहा या वेळेत अर्जदाराशी बोलत असतात. ते काय बोलतात हे गावातील सर्व वर्गणीदारांस माहीत असून फक्त अर्जदारास माहीत नाही. तरी आपल्या संस्थेच्या जुन्या पुस्तकातील एक, केवळ एक, कोरी पावती अर्जदाराच्या नावे देण्यात यावी, ही नम्र विनंती.