तरंगली तर आमची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे. तळ्याकाठच्या एका छोट्याशा घरामागे, जळाऊ लाकडांच्या ढिगाशेजारी मी कितीतरी वर्षे पालथी पडून होते.

एका सुताराने मला घडवले. फळीला फळी त्याने अशी बिलगवली की पाण्याच्या थेंबालाही आत शिरायला वाव नव्हता. तरुणपणी मी लोकांना पैलतीरी नेत असे. नवे जोडपे, आजारी माणूस, एकदा तर एक हट्टी शेळीसुद्धा! लोक म्हणत, "होडी असावी तर अशी." पुढे तळ्याला वळसा घालून रस्ता झाला आणि मला कोणी विचारीनासे झाले. माझ्या तळाला भेग पडली. घराची देखभाल करणारे काका एकदा म्हणाले, "थंडी पडली की हिची लाकडं फोडू." माझ्या तर तोंडचे पाणीच पळाले!

तेवढ्यात तिथे आई, बाबा, लेक आणि आत्या असे एक कुटुंब सुट्टीला आले. बाबा बसचालक होते. त्यांचे सारे आयुष्य घड्याळाच्या काट्यावर चालायचे. आल्या आल्या त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून चक्क साखरेच्या डब्यात टाकले! सकाळी आईने विचारले, "आज काय करायचं?"

"काही नाही," बाबा म्हणाले, "आणि तेही जमलं नाही तर उद्या पुन्हा तेच."

त्यांच्या लेकीचे तोंड क्षणभरही बंद नसे, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. तिने माझी कड उचलली आणि ती किंचाळली, "आत्या, होडी! आणि खाली बेडूक!"

आत्या अनवाणीच धावत आली. काका हसले. "ती होय? ती आता चुलीत जायची."

आत्याने कंबरेवर हात ठेवले. "काका, चार दिवस थांबा. तरंगली तर आमची, बुडाली तर चुलीची."

मग काय विचारता! आत्याने भेगेत चिंध्या ठासल्या. बाबांनी त्यावर गरम डांबर ओतले, त्यातले निम्मे स्वतःच्या पायजम्यावर. "आराम करायला आलात ना?" असे म्हणत आईसुद्धा पॉलिशपेपर घेऊन मला घासू लागली. माझ्या अंगावरून इतके हात एकदम कधी फिरलेच नव्हते.

आणि मी पाण्यात उतरले! मित्रांनो, तो पहिला गार स्पर्श! आनंद माझ्या फळ्यांत मावेना. आईला पाण्याची भीती वाटे. ती उकडलेल्या बटाट्यांचे पातेले मांडीवर घट्ट धरून बसली होती. तळ्याच्या मध्यावर टिटवीला मासा दिसला. ती ताडकन उठली, मी कलले आणि बाबांच्या हातातले एक वल्हे निसटून वाहत गेले. त्यातच माझ्या कुशीतून पाणी आत येऊ लागले. मी जीव मुठीत धरला.

तेव्हा आईनेच बटाटे आत्याच्या टोपीत ओतले आणि रिकाम्या पातेल्याने ती पाणी उपसू लागली. "बघत काय बसलात? वल्हवा!" ती ओरडली. बाबा उरलेले वल्हे मारू लागले, आत्या पातेल्याचे झाकण, तर टिटवी नुसते हात. काठावरून काका ओरडत होते, "डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे!" शेवटी राहवेना, म्हणून ते गुडघाभर पाण्यात शिरले आणि त्यांनी माझे टोक धरले.

"बुडत होती की!" काका म्हणाले.

"पण बुडाली का?" आत्याने विचारले.

काका खो खो हसले. दोर त्यांनी स्वतःच खुंट्याला बांधला आणि म्हणाले, "नाही बाई. तुमचीच."

मित्रांनो, कोपऱ्यात पडलेली जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिला एकदा हात लावून बघा. आम्हाला थोडी डागडुजी लागते आणि कधीतरी तुमची एखादी मोकळी, बिनकामाची सकाळ. दुसऱ्या दिवशी उजाडले, तेव्हा घरात सगळे घोरत पडले होते. मात्र आई काठावर येऊन उभी होती. तिने इकडेतिकडे पाहिले, चपला काढल्या आणि हळूच मला म्हणाली, "चल, आज वल्हं मी मारणार."