दोनशे सतरा नंबरचा बिल्ला

मी पितळेचा बिल्ला बोलतोय. गोल अंग, वर एक भोक आणि पोटावर कोरलेला आकडा, दोनशे सतरा. याहून जास्त मला रूप नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळसा खाणीच्या लोहारशाळेत मी घडलो. आम्हा सहा भावंडांना, सगळी एकाच नंबराची, वासिल होरबलच्या हवाली केलं. वासिल पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरातून आलेला, रुसिन जमातीचा. खाली कोळशाचा गाडा भरला की तो आमच्यातल्या एकाला त्यावर अडकवून वर पाठवी. वर वजनकाट्यावर बसलेला कारकून प्रोसर आकडा बघून गाडा वासिलच्या नावावर मांडी. कोळशात दगड दिसला की मात्र त्याच्या कपाळाला आठ्या पडत. मालकाला मी कधीच पाहिलं नाही. टेकडीवरचा त्याचा पांढरा बंगला तेवढा रोज दिसे.

अठराशे ब्याण्णवच्या डिसेंबरात खाणीचं छत कोसळलं आणि वासिलची मांडी मोडली. राहतं घर कंपनीचं. दोन आठवडे बिल्ला वर आला नाही, की घर रिकामं करायचं, मग बाहेर बर्फ का पडत असेना. त्याची बायको परास्का तर सात महिन्यांची पोटुशी. ती मला मुठीत धरून रडली, ते मला अजून आठवतं.

तिसऱ्या दिवशी शेजारचा आयरिश मॅलाकी टूल दारात उभा राहिला.

"बिल्ले दे इकडे."

"कशाला?"

"तुझा नवरा खाली नुसता गात बसायचा. आता तो नाही, तर आमचं काम दुप्पट होतंय. जास्तीचं कुणाच्या तरी नावावर नको का घालायला?"

त्या दिवसापासून रोज कुणी ना कुणी स्वतः भरलेल्या गाड्यावर आम्हाला अडकवू लागलं. एरवी दारूच्या गुत्त्यात एकमेकांची डोकी फोडणारी माणसं ही!

आणि रुसिनांचा नाताळ आला. जुन्या पंचांगाप्रमाणे तो बारा दिवस उशिरा येतो, आणि त्या दिवशी एकही रुसिन खाणीत उतरत नाही. मॅलाकीचा नाताळ कधीच होऊन गेलेला. त्याच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. त्याने मला अडकवलं आणि दिला गाडा वर धाडून! चूक कळल्यावर तो धापा टाकत मागोमाग आला, पण तोवर मी प्रोसरच्या हातात होतो. आता घर गेलं, असंच मला वाटलं.

"सगळे रुसिन आज चर्चमध्ये," प्रोसर म्हणाला, "आणि हा एकटाच खाली?"

"तो जरा... नास्तिक आहे, साहेब."

"मोडक्या मांडीचा नास्तिक?"

मॅलाकीने टोपी डोळ्यांवर ओढली.

"तीन आठवडे बघतोय मी. दोनशे सतराच्या गाड्यात दगडाचा एक खडा नाही. स्वतःच्या गाड्यात भरलायस कधी इतका चोख कोळसा?" प्रोसरने गाडा वासिलच्या नावावर मांडला. "यापुढे पंचांग बघत जा, गाढवा."

फेब्रुवारीत परास्काला त्याच घरात मुलगी झाली, ओलेना. वसंतात वासिल लंगडत कामावर गेला, पण पाचच बिल्ले घेऊन. मला त्याने घरी ठेवलं. दर नाताळला आपल्या रीतीप्रमाणे टेबलावर गवत पसरून ही मंडळी मला पावाशेजारी ठेवतात. एका पितळेच्या तुकड्याने याहून काय मागावं?

हल्ली ओलेना राख घेऊन मला घासायला बसते. पोरी, नको गं घासूस. माझ्यावर उमटलेल्या काळ्या बोटांत तुझ्या बापाचं बोट शोधून सापडणार नाही. ती परक्यांची बोटं आहेत, आणि म्हणूनच तू बर्फात नाही, घरात जन्मलीस.