रोज एकशे वीस

सतरा वर्षं मी एका खाजगी लॅबमध्ये शौचाचे आणि लघवीचे नमुने तपासले. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा मला एकच प्रश्न असायचा, "अगं, तुला जेवण कसं जातं?" जेवण मला उत्तम जायचं, दुसऱ्यांदा वाढूनही घ्यायचे. काचपट्टीवर थेंब घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि मायक्रोस्कोपखाली ती पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश बघायची. जंताची अंडी असली तर असतात, नसली तर नसतात. ती कधी थापा मारत नाहीत.

किळस मला माणसांची येते. त्यातही अलीकडे लॅबचे मालक असलेल्या आमच्या डॉक्टरांची. त्यांनी गेल्या वर्षी आणखी पाच दवाखान्यांचे नमुने घ्यायला सुरुवात केली. नीट बघायचं म्हटलं तर माझ्या हातून दिवसाला चाळीस होतात, आणि येऊ लागले शंभराच्या वर. मी म्हटलं, आणखी एक माणूस ठेवा. डॉक्टर रुमालाने हात पुसत म्हणाले, "बाई, शंभरातल्या नव्वद लोकांना काही झालेलं नसतं. डब्या बेसिनमध्ये रिकाम्या करा आणि नॉर्मल लिहून टाका." न बघता मी सही करणार नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या सहीचा रबरी शिक्काच करून आणला. मी घरी गेले की तो कागदांवर पडायचा. कुणाच्या तरी पोरीच्या पोटात जंत वळवळत असणार, आणि कागदावर माझ्या नावाने 'नॉर्मल'. त्या दिवसापासून मात्र मला खरंच जेवण जाईना.

नोकरी सोडायचीच, पण हातात दुसरी आल्याशिवाय सोडता येत नव्हती. नवऱ्याचं दुकान बंद पडून आठ महिने झालेले, घर माझ्या पगारावर. शहराबाहेरच्या डेअरीत दूध तपासायला माणूस हवा अशी जाहिरात आली. दूध म्हटल्यावर मला कसं स्वच्छ वाटलं. म्हटलं, आता उरलेली वर्षं पांढरंशुभ्र काहीतरी बघू.

रेझ्युमे म्हणून एक छापील नमुना मिळाला. त्यातले रकाने मी माझ्या पद्धतीने भरले. म्हणजे रिपोर्ट लिहितो तसे. नेतृत्वगुण: आढळले नाहीत. संगणकाचं ज्ञान: अल्प प्रमाणात. इतर भाषा: एक, क्वचित. कामाचा वेग: रोज चाळीस नमुने.

माझा धाकटा दीर पैसे घेऊन लोकांचे रेझ्युमे लिहून देतो. आम्ही घरात त्याला 'साहेब' म्हणतो, कारण तो घरातसुद्धा बूट घालून बसतो. त्याने माझा कागद वाचला आणि पोट धरून हसला.

"वहिनी, हा रेझ्युमे आहे की शवविच्छेदन?"

"भाऊजी, जे आहे ते लिहिलंय."

"जे आहे ते कोण वाचतं? द्या इकडे."

तासाभरात त्याने मला ओळखू येईनाशी केली. शौच, लघवी हे शब्द गायब. मी झाले 'जैविक नमुना विश्लेषणातील वरिष्ठ तज्ज्ञ'. वर्षातून एकदा सफाईवालीला फिनेलची बाटली काढून देत होते, त्याचं झालं 'मनुष्यबळाचं नियोजन'. आणि रोज चाळीसचं झालं रोज एकशे वीस.

"हे होणारच नाही," मी म्हटलं. "एकशे वीस बघायचे तर माणसाला सहा डोळे हवेत."

"आकडा बघतात, वहिनी, डोळे कोण मोजतंय? सगळे तिपटीनेच लिहितात. तुम्ही चाळीस लिहिलंत तर ते तेरा समजतील."

त्या कागदावरचा एकेक शब्द कुणीतरी आधीच चघळून टाकलेला वाटत होता. पण मी तो फाडला नाही. मला तिथून सुटायचं होतं, म्हणून खाली सही केली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आठ दिवसांत डेअरीतून फोन आला. मी इतकी हरखले की मुलाखतीच्या दिवशी सकाळीच डॉक्टरांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. "सही खरी आहे, शिक्का नाही," असंही सुनावलं. नवरा म्हणाला असता, आधी हातातलं पक्कं कर. म्हणून त्याला विचारलंच नव्हतं.

डेअरीचा मॅनेजर पन्नाशीचा, मृदू बोलणारा माणूस. खोली चकचकीत, फरशीवर डाग नाही. खिडकीतून गेटवर उभे टँकर दिसत होते. त्याने माझा कागद पुढे ओढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"रोज एकशे वीस. एकटीने?"

"हो."

"मीही सुरुवातीला मायक्रोस्कोपवर होतो, मॅडम. जीव तोडून केले तरी पंचेचाळीसच्या पुढे कधी गेलो नाही."

माझे कान तापले. चोरी पकडली गेली होती, आणि खरं सांगायचं तर मला हलकंच वाटलं. म्हटलं, आता चाळीस सांगून टाकू. बघणारा माणूस आहे, बघणाऱ्याची किंमत याला कळेल.

"साहेब, तो आकडा..."

"अहो, संकोच कसला," तो हसून म्हणाला. "त्या ओळीमुळेच तर तुम्हाला बोलावलं. अकरा अर्ज आले. बाकी सगळे तीस-चाळीसवाले. त्यांना इथे बसवलं तर टँकरांची रांग हमरस्त्यापर्यंत जाईल. मला प्रत्येक थेंब बघत बसणारं कुणी नकोय. तुमच्यासारखं जाणतं माणूस हवंय. एकशे वीस कसे होतात, ते आपल्या दोघांना माहीत आहे."

आपल्या दोघांना. त्या शब्दांनी मला अंगभर काहीतरी चिकटल्यासारखं झालं. उठावं, कागद ओढून घ्यावा आणि त्याच्या तोंडावर सांगावं, की बाबा रे, मी त्या चाळीसवाल्यांतलीच आहे. वाक्य जिभेवर आलं होतं. पण राजीनामा देऊन चार तास झाले होते, आणि घरी नवरा निकालाची वाट बघत होता.

"कधीपासून येताय?" त्याने विचारलं.

"सोमवारपासून," मी म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की माझीच मला शिसारी आली. डॉक्टरांना निदान शिक्का करून आणावा लागला होता. इथे मी माझा हात घेऊन स्वतः चालत आले होते.

मॅनेजरने बाजूच्या थर्मासमधून दोन कप कोरा चहा ओतला. एक स्वतःकडे ओढला, दुसरा माझ्यापुढे सरकवला. ट्रेमध्ये डेअरीचा छाप असलेलं दुधाचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं.

"मी कोराच पितो," तो म्हणाला. "तुम्हाला दूध घालू?"

जन्मात कधी मी दुधाशिवाय चहा घेतलेला नाही.

"नको," मी म्हणाले. "मलाही कोराच."